मालकांची कोंबडी

मालकांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या काखेत एक जिवंत कोंबडी होती आणि चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा आनंद.

"या, नंबरसाहेब," ते म्हणाले, "तुमची अडचण एकदाची दूर केली."

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासून नंबर काढून देतात म्हणून सगळे त्यांना नंबरसाहेब म्हणत. या परमुलखात येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती आणि तीन वर्षं दुकानाचे मालक त्यांना जेवायला बोलावत होते. आम्हाला हलालच लागतं, असं सांगून नंबरसाहेब सुटका करून घेत. ते खरंच होतं. भाजीपाला चालतो, हे मात्र त्यांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं, कारण मालक जेवतानाही चष्म्यांच्या दांड्यांवरच बोलतात अशी त्यांची ख्याती होती. त्यात एकदा बोलण्याच्या भरात, आमच्याकडे पुरुषमाणसाला सुरी चालवता येतेच, अशी थापही नंबरसाहेबांनी ठोकून दिली होती.

मालकांनी ती लक्षात ठेवली. हलालचं एकुलतं एक दुकान दोन गावं पलीकडे, त्यालाही टाळं. मग त्यांनी शेतावरून कोंबडीच उचलून आणली. अल्लाचं नाव घेणारा माणूस घरी येणारच होता आणि सुरी मालकीणबाईंनी धुऊनपुसून ठेवली होती.

 जन्मात नंबरसाहेबांनी डास सोडून कुणाला मारलं नव्हतं आणि डासही बहुधा निसटत. त्यांनी आशेनं बरोबर आलेल्या बायकोकडे पाहिलं, तर ती मालकीणबाईंच्या मागोमाग स्वयंपाकघरात निघून गेली होती.

वेळ काढायला एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे नियम. आधी जनावराला पाणी पाजायचं असतं, असं ते म्हणाले. कोंबडी निवांतपणे घोट घोट पाणी प्याली. मग म्हणाले, सुरीला चांगली धार हवी, पण धार लावताना कोंबडीला दिसता कामा नये. मालक तळघरात जाऊन धार लावून आले आणि वाढदिवसाची भेट लपवावी तशी सुरी पाठीमागे धरून उभे राहिले. जनावर घाबरता कामा नये, हे ऐकल्यावर त्यांनी कुत्र्याला शेजारी पाठवलं, टीव्ही बंद केला आणि कोंबडीला मांडीवर घेतलं.

"किती विचार केलाय हो तुमच्यात," ते कुजबुजत म्हणाले.

जनावर आजारी नसावं, हा नियम नंबरसाहेबांनी जरा ताणूनच सांगितला. मालकांनी लगेच टॉर्च पुढे केला. डोळे तुम्हीच तपासा म्हणाले, तुमच्याइतकं कुणाला कळणार? नंबरसाहेबांनी गुडघ्यांवर बसून कोंबडीचे दोन्ही डोळे तपासले. कोंबडीनंही त्यांचे तपासले. डावा डोळा किंचित पाणावलेला वाटतो, असा निर्वाळा त्यांनी गंभीरपणे दिला.

त्यावर मालकांचाच डोळा पाणावला. अर्ध्या तासात कोंबडी त्यांच्या मांडीवर डोळे मिटून बसली होती.

"नंबरसाहेब, रागावणार नाही ना?" त्यांनी हळूच विचारलं. "आता हिला कापलेलं मला बघवणार नाही."

नंबरसाहेबांनी मोठ्या कष्टानं चेहरा पाडला. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही, म्हणाले. मग सगळे उकडलेले बटाटे आणि पाव खाऊन, चष्म्यांच्या दांड्यांबद्दल ऐकून उठले.

घरी परतताना नंबरसाहेब हवेत तरंगत होते. आपण प्रसंग कसा निभावून नेला, हे ते बायकोला दोनदा सांगून चुकले होते.

"मला दिली असतीत तर दोन मिनिटांचं काम होतं," बायको म्हणाली. "लग्नाआधी सहा वर्षं अब्बांच्या कोंबड्यांच्या दुकानात मीच कापायचे."

नंबरसाहेब थबकले. "बाईनं कापलेलं चालतं?"

"चालतं की. एवढे नियम सांगत होतात, हा बरा राहिला."

"मग गप्प का बसलीस?"

"मालकीणबाईंनी मला कृती सांगितली ना," बायको म्हणाली. "कोंबडी नुसती उकडायची आणि वरून जॅम ओतायचा. म्हटलं, एवढ्यासाठी त्या बिचारीनं जीव द्यावा असं काही नाही."