फक्त कुटुंबास देणे आहे

मुलगी देताना माणूस एकवेळ घाई करील, पण दोन खोल्या भाड्याने देताना कधीच करत नाही. आमच्या सोलापूरचं चारित्र्य आज टिकून आहे ते घरमालकांच्या याच दक्षतेमुळे. (रस्ते टिकले नाहीत, ती गोष्ट वेगळी.)

ही दक्षता अनुभवायला सांगोला तालुक्यातून ऋतुजा आली. घरची मेंढरं, त्यांच्याच कमाईवर शिकून ती नर्स झालेली. इथल्या एका खासगी इस्पितळात नोकरी लागली. सोमवारी रुजू व्हायचं होतं, आणि जागा मिळाली नाही तर गावाकडे चुलते स्थळ घेऊन तयारच होते. तेव्हा रविवारी आई चिमाबाईला घेऊन ती शहरभर फिरली.

पहिल्या दारावर पाटी होती, 'फक्त कुटुंबास'.

"आई सोबत राहणार आहे," ऋतुजा म्हणाली.

मालकांनी शांतपणे समजावलं की आई म्हणजे कुटुंब नव्हे. कुटुंब म्हणजे नवरा. आई ही पाहुणी.

दुसऱ्या घरी स्वयंपाकाची चौकशी झाली. "मेंढरं राखतो, मटण खातो की," चिमाबाईनं खरं ते सांगितलं. मालकीणबाईंनी दार इतकं हळुवार लावलं, की कडीचाही आवाज झाला नाही. सुसंस्कृत वस्ती म्हणतात ती हीच.

तिसरा फ्लॅट निवृत्त अधिकारी सिद्धाराम अण्णांचा. वर्षभर रिकामा. अण्णांनी चहा पाजला, भाडंही परवडेल असं सांगितलं, आणि मग विचारलं, "रात्रपाळी असते का?"

"असते अधूनमधून," ऋतुजा म्हणाली.

अण्णा हळहळले. "आमचं काही नाही ओ. पण मुलगी रात्री जाणार, सकाळी येणार. लोक काय म्हणतील?"

"म्हणत्याल, पोरगी रातभर आजारी माणसांचं करून आली," चिमाबाई म्हणाली.

हे अण्णांना पटलं, म्हणून त्यांनी विषय बदलला. त्यांची मुलगी सृष्टी पुण्यात कंपनीत होती. रात्रपाळीपायी तिलाही तिकडे कुणी खोली देईना. अण्णा कळवळून सांगत होते. "पुण्यात माणुसकीच उरली नाही बघा."

"मग तिला हितंच बोलवा की," चिमाबाई म्हणाली. "तिला तरी तुमी न्हाय म्हणणार न्हाय."

अण्णांनी अर्धवट राहिलेले कप उचलले.

रस्त्यावर येताच ऋतुजाला रडू फुटलं. "आई, जाऊ या परत."

"गप. एका रानात चारा न्हाय गावला म्हणून मेंढरं कोन सोडून देतं का? फुडचं रान बघायचं."

पुढचं रान म्हणजे विड्या वळणाऱ्या गौरम्माची माडीवरची पत्र्याची खोली. गौरम्मानं एकच प्रश्न विचारला. "पाणी चार-पाच दिवसांनी येतंय. घागरी वर चढवशील का?"

"चढवीन."

"मग ये."

ना जात, ना जेवण, ना नवरा! असल्या बेफिकीर मालकांमुळेच शहराची पातळी खालावते. ऋतुजा सोमवारी वेळेवर रुजू झाली. उन्हाळ्यात पत्रा भाजून काढतो, तरी रात्रपाळी करून आली की ती तिथं गाढ झोपते. अण्णांचा फ्लॅट अजून रिकामा आहे, पण चारित्र्य अबाधित आहे.

तुम्ही अर्थातच अण्णांसारखे नाही. म्हणून एक विनंती. त्या इस्पितळात आणखी एक मुलगी रुजू होते आहे, आणि तुमच्या वरच्या खोल्या रिकाम्या आहेत असं कानावर आलं. मुलगी शांत आहे, कामाची आहे. नाव ना? सांगतो की.

आडनाव कशाला?