जऊळक्याचा साक्षीदार

लग्नाच्या पंगतीत तुळशीरामभाऊ आधी वरणाचं बोट चाखत आणि यजमानाला विचारत, "ही तूर कोनत्या वावरातली होय?" यजमानाला सांगता आलं नाही, तर जेवत, पण नाराजीनं.

मंगरूळपीरला माझ्या धान्याच्या दुकानाला लागूनच त्यांचं घर. माझ्या लेखी तूर म्हणजे पोतं. त्यांच्या लेखी तूर म्हणजे साक्षीदार. कुणी नव्या बियाण्याची तारीफ सुरू केली, की भाऊ हात वर करत. "एका वावराची साक्ष खरी नाई, बापा! काळ्या जमिनीत कोनीई हासते. बरडावर हासून दाखव म्हना!"

म्हणून ते एकच बी तीन ठिकाणी पेरत. आपल्या काळ्या वावरात, केनवडला मेव्हण्याच्या मध्यम जमिनीत आणि जऊळक्याला जावयाच्या बरड माळावर. चांगल्या पावसात आणि वाईट पावसात जे तिन्हीकडे थोडंफार देईल, ते खरं बी. एका जागी पोती भरणाऱ्या आणि दुसरीकडे पोचट राहणाऱ्या बियाण्याला ते 'दरबारी' म्हणत. नियमही कडक होता. ज्या वावरातल्या ओळी वाळल्या, तिथे पुन्हा पेरायचं नाही. "मेलेल्याची साक्ष कोन घेते?" हे ते सगळ्यांना ऐकवत, लेकीलासुद्धा.

ही लेक कमल जऊळक्याला दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. आणि लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. भाऊ एस.टी.नं वाशीम आणि पुढे रेल्वेनं जऊळका गाठत, सोबत घरची भाकरी आणि पाण्यानं भरलेला, फिरकीच्या झाकणाचा तांब्या. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून खात, तूर पाहत आणि परत फिरत. कमल तिथेच येऊन दोन शब्द बोले.

या खेपा फार होऊ लागल्या, तेव्हा मी एकदा चिडवलं, "भाऊ, तिथे मूग पेरा. निकाल लवकर लागेल, हेलपाटे वाचतील."

"मूग लवकर उठते, शेटजी," ते तुटकपणे म्हणाले. "तूर संक्रांतीपावतर उभी राह्यते."

मला वाटलं, हा शेतीचाच मुद्दा असेल.

बहात्तर साली पावसानं दगा दिला. केनवडच्या ओळी वाळल्या. भाऊंच्या काळ्या जमिनीतल्या तुरीनंही माना टाकल्या. "जऊळक्याची तं गेलीच असंन," ते म्हणाले. "नियम म्हंजे नियम." एवढं बोलले आणि दुकानाच्या पायरीवर नुसते बसून राहिले. त्यांचं ते बसणं मला बघवेना. दिवाळीनंतर मीही त्यांच्यासोबत जऊळक्याला गेलो.

माळ सगळा करपला होता आणि मधे भाऊंच्या चार ओळी हिरव्यागार, शेंगांनी लदलेल्या. मी ओरडलोच, "जिंकलात भाऊ! सापडलं तुमचं बी!"

भाऊ ओळीत शिरले. खाली वाकून त्यांनी झाडाच्या बुडाशी बोट खुपसलं. बोटाला ओली माती लागली. मग मात्र ते भडकले. "माहा साक्षीदार फोडला! कोनं पानी देल्लं इथं?"

कमल धुऱ्यावर उभी होती. हातात घागर, डोक्यावर चुंबळ तशीच. त्या साली प्यायच्या पाण्याचीही मारामार होती, आणि विहीर पार गावाच्या पलीकडे.

"म्या देल्लं, बाबा."

"कायले?"

"तूर वाळली असती, तं तुमी येनंच बंद केलं असतं."

भाऊ बोटाची माती धोतराला पुसत राहिले. माती निघाली तरी पुसत राहिले. मला त्या बापलेकीकडे पाहायची हिंमत झाली नाही.

"खोटी साक्ष होय ही," शेवटी ते म्हणाले. "हे धरता येत नाई, कमल. पुढच्या साली इथं परत पेरा लागंन."

मग ते स्टेशनच्या वाटेला लागायचे, ते गावाच्या वाटेला लागले. जावयाच्या ओसरीवर जाऊन बसले. कमल दारातच घुटमळली.

"तुरीले एवढं पानी देल्लं," भाऊ म्हणाले, "मलेई दे घोटभर."

ती रीतीसाठी क्षणभर थांबली. "दे म्हनलं नं, माय," ते म्हणाले, तशी ती आत पळाली.

परतीच्या गाडीत भाऊ खिडकीबाहेर बघत बसले होते. घरून आणलेला तांब्या त्यांच्या मांडीवर तसाच भरलेला होता.