एक रिंग म्हणजे पोचलो

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्या तळमजल्यावरच्या घरात मोबाइलला रेंज येण्याची जागा एकच होती. सिंकवरच्या खिडकीत, साबणाच्या वाटीला टेकवून फोन ठेवला तर कधी एक दांडी यायची, कधी तीही लाजून आत जायची. दोन्ही बाजूंना नव्या इमारती उठल्यापासून ऊन आणि रेंज दोघंही वरच्या मजल्यांवर राहायला गेली होती. त्यामुळे अक्षता सकाळपासून सिंकपाशी उभी होती. भांडी केव्हाच घासून झाली होती. आता ती घासलेलीच पुन्हा घासत होती.

कारण आज आर्यन पहिल्यांदाच आईला सोडून परगावी गेला होता. आजोबांबरोबर, एसटीने, जयसिंगपूरला, आजोबांच्या बहिणीकडे. अक्षताने बरोबर डबा दिला, पाण्याची बाटली दिली, ओकारी आली तर असाव्यात म्हणून पिशव्या दिल्या, पिशवी चुकली तर बदलायला कपडे दिले. हे सगळं खांद्यावर अडकवताना तिचे सासरे गणपतराव म्हणाले होते, "जयसिंगपूरला चाललोय का काशीला?"

"आबा, पोचल्यावर लगेच फोन करा हं."

"फोन कशाला? मिस कॉल देतो की. एक रिंग म्हंजे पोचलो. उचलायचा न्हाय."

"आणि काही झालं तर?"

"दोन रिंगा. दोन म्हंजे गडबड हाय, या."

"अहो आबा, आता बोलायला पैसे पडत नाहीत. महिनाभर कितीही बोला, यांनी रिचार्ज केलंय तुमचं."

"असं कंपनी म्हणती," गणपतराव म्हणाले आणि नातवाचं बोट धरून निघाले. गल्लीच्या तोंडाशी जाऊन पुन्हा वळून ओरडले, "उचलायचा न्हाय म्हंजे न्हाय!"

गणपतरावांनी पहिला मोबाइल घेतला तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडत. तेव्हापासून फोन ही वाजवायची वस्तू आहे, बोलायची नव्हे, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. अक्षताला त्याचं हसू यायचं, पण तिला हसायचा हक्क नव्हता. ती कबनूरची. कॉलेजातून येताना इचलकरंजीच्या स्टँडवर उतरली की तीही वडिलांना एक रिंग द्यायची आणि कापायची. यंत्रमागांच्या खडखडाटात त्यांना रिंग ऐकू यायची नाही, म्हणून ते फोन छातीवरच्या खिशात ठेवायचे. छाती थरथरली की समजायचं, पोरगी उतरली. मग माग शेजाऱ्याच्या हवाली करून ते लुना काढायचे. एक शब्द न बोलता बाप स्टँडवर हजर व्हायचा. हल्ली ती वडिलांशी रोज व्हिडिओवर बोलायची आणि निम्मा वेळ "दिसतंय का, ऐकू येतंय का" यातच जायचा.

"आगं, किती घासशील? ताटाला भोक पडंल," शेजारच्या आक्काताई मागच्या दाराने आत येत म्हणाल्या. गल्लीतल्या प्रत्येक काळजीत त्यांचा वाटा असायचा. "आला का मिस कॉल?"

"कुठला, आक्काताई! रेंजच नाही. आला आणि लागलाच नाही तर मला कळणार कसं?"

हा विचार तोंडून निघाला आणि अक्षताचा हात थांबला. ती बी.एस्सी. झालेली बाई. घरात वायफाय भिंतीला टांगलेलं, आणि आपण इथे साबणाच्या वाटीवर विसंबून! तिने हात पुसले, वायफायवर शोधाशोध केली आणि दहा ठिकाणी एकच उपाय वाचला. सेटिंगमध्ये जाऊन वायफाय कॉलिंग सुरू करायचं, म्हणजे टॉवर नसला तरी फोन घरातल्या वायफायवरून येतो. बटण सापडलं. दाबलं. काही झालं नाही. फोन बंद करून चालू केला. तरी नाही. शेवटी एका भल्या माणसाने लिहिलेलं सापडलं, की फोन अंगात जीव नसलेल्या टॉवरच्याच मागे धावत असेल तर त्याला सरळ फ्लाइट मोडवर टाका आणि वायफाय तेवढं चालू ठेवा.

अक्षताने तसं केलं. वर विमानाचं चिन्ह उमटलं आणि शेजारी वायफायचं.

"इमान कशाला आलंय?" आक्काताईंनी वाकून विचारलं.

"आता तुम्ही तुमच्या दारातून मला फोन लावून बघा."

आक्काताईंनी लावला. असा खणखणीत लागला की फोनमधलं बोलणं आणि दारातलं बोलणं यात कुठलं मोठं ते कळेना. अक्षता धन्य झाली. सिंक सोडून ती सहा महिन्यांत पहिल्यांदा कॉटवर बसून फोनची वाट बघू लागली.

आणि रिंग वाजली. एकदा. पडद्यावर 'आबा'. कट.

"पोचले!" अक्षताने छातीवर हात ठेवला. आक्काताईंनी चहाचं आधण ठेवलं. दूध घालेपर्यंत सगळं छान होतं. दूध घातलं आणि फोन पुन्हा वाजला. एकदा. आबा. कट.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मागे चहा उतू गेला.

"दोन झाल्या," आक्काताई म्हणाल्या.

"दोन म्हणजे गडबड." अक्षताने सासऱ्यांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. वाजला, उचलला नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, तेच. जयसिंगपूरच्या बनाआत्यांचा फोन बंद होता. नवऱ्याचा, अतुलचा, वाजला असता, पण तो फाउंड्रीत आत भट्टीपाशी आणि फोन गेटवर कपाटात. अक्षताच्या डोळ्यांसमोर एसटीची पायरी आली, सटकलेलं बोट आलं, आत्यांच्या परसातला उघडा हौद आला. हौद तिने लग्नानंतर एकदाच बघितला होता, पण आज तो विहिरीएवढा दिसत होता.

"मी जाते जयसिंगपूरला."

"मी बी येतो की. एकलीला सोडतो व्हय?" आक्काताईंनी त्याच पातळावर पदर खोचला.

दोघींनी आपापल्या दारांना कुलपं घातली, रिक्षा पकडली आणि स्टँडवर सुटत असलेल्या गाडीत उडी मारल्यासारख्या चढल्या. गाडीत अक्षताने पुन्हा फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना.

"आता तर वाजतसुद्धा नाही हो!"

"पाण्यात पडला आसंल," आक्काताई म्हणाल्या, आणि अक्षताचा चेहरा बघून घाईघाईने पुढे म्हणाल्या, "फोन म्हनतो मी. फोन."

हातकणंगल्याला गाडी थांबली. शेजारी कोल्हापूरकडे जाणारी गाडी निघायच्या बेतात घुरघुरत होती. तिच्या खिडकीत एक लहान मुलगा काचेला नाक चपटं करून बसला होता. अक्षता ताडकन उठली.

"आक्काताई, तो बघा! आर्यन!"

आक्काताईंनी मायेने तिला खाली बसवलं. "बस. आता तुला समदी पोरं आर्यनच दिसनार. माजा बंडू हरवला तवा मी गणपतीच्या मिरवणुकीतली तीन पोरं घरी आणलीती."

ती गाडी गेली. मुलाने जाता जाता जीभ काढून दाखवली. अक्षताला वाटलं, आपला आर्यन असं काही करणार नाही, आणि ती जरा शांत झाली.

बनाआत्यांचं घर स्टँडपासून जवळच. त्या दारातच लसूण सोलत बसल्या होत्या. धापा टाकत आलेल्या दोघींना बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"आगं बया! तुमी हिकडं? आनि दादा तर आर्यनला घिऊन कवाच गेला की!"

"गेले? कुठे गेले?"

"कोल्लापूरला! घरात काय झालंय, कोन आजारी हाय, काय कळंना. पोरानं पोळीचा घास तोंडात धरलाता, तसाच उचलून न्हेला."

"घरात काही झालं नाही, आत्या! आबांनीच दोन रिंगा दिल्या!"

"तू उलटी दिली नसशील म्हनून दिली आसंल दुसरी."

"उलटी म्हणजे?"

बनाआत्या तिच्याकडे बघत राहिल्या, जणू या मुलीला भाकरी कशी फुगते हेही ठाऊक नाही. "आगं, ह्यानं एक द्यायची, पोचलो. मग घरनं एक उलटी द्यायची, समजलं. उलटी आली न्हाय की ह्याला वाटतं लागलीच न्हाय, म्हनून परत देतो. हे सांगितलं न्हाय तुला?"

"नाही."

"कसं सांगंल? अंबूवयनीला, तुज्या सासूला, कदी सांगायला लागलं न्हाय त्याला."

अक्षता मटकन पायरीवर बसली. तिला सगळं आता दिसायला लागलं. "म्हणजे मी पहिल्यांदा फोन लावला तेव्हा आबांना वाटलं, समजलं. दुसऱ्यांदा लावला तेव्हा..."

"घरात गडबड, ये. मग तिसरी आली. मग चौथी आली. दादा म्हनला, दोन म्हंजे गडबड, चार म्हंजे काय हे मला बी ठावं न्हाय. आनि पळाला."

"आणि तुमचा फोन का बंद होता?"

"घरात पावणं आल्यावर फोन कशाला चालू ठिवायचा?"

आक्काताईंनी अक्षताच्या हातातला फोन ओढून घेतला. "ह्यात ते इमान अजून हाय की गं."

विमान होतं. मंगळवार पेठेतल्या वायफायच्या भरवशावर टाकलेला फ्लाइट मोड जयसिंगपूरपर्यंत तसाच आला होता, आणि या सगळ्या रस्त्याने, जिथे रेंज दांड्या भरभरून उभी होती, तिथे अक्षताचा फोन आकाशात होता. तिने चिन्ह दाबलं. विमान उतरलं.

म्हणजे खिडकीतला तो आर्यनच होता. जीभही त्याचीच. अक्षता रडणार की हसणार हे तिलाही ठरवता येईना, तेवढ्यात बनाआत्यांनी पुढ्यात चहा ठेवला.

"वयनी हुती तवाची गंमत सांगतो," त्या म्हणाल्या. "दादा हितं मुक्कामाला आला की जेवून त्या खांबाला टेकायचा. वयनीला एक द्यायचा, पोचलो. तिची एक यायची, समजलं. तितं सपलं न्हाय का? पर न्हाय. मग हा परत एक द्यायचा. तिची परत एक. जेवलो. जेवले. निजतो. नीज. असं हा मनातल्या मनातच लावायचा. तासभर बोलत बसायची दोगं, एक पैसा न घालवता. ह्यो गालात हसायचा एकलाच. आमचं मालक म्हनायचं, मेव्हन्याला येड लागलंया."

"आणि वयनी गेल्यावर?" आक्काताईंनी विचारलं.

"गेल्यावर काय? एकच रिंग. अतुलला द्यायची, पोचलो. अतुल बघतो बी न्हाय."

अक्षताला वडिलांचा तो छातीवरचा खिसा आठवला. आता घरी गेल्यावर आबांना आपण रोज... असं काहीतरी ती मनाशी ठरवत होती, आणि फोन वाजला. एक रिंग. आबा. कट.

"पोचले!" दोघी एकदमच ओरडल्या.

"दे, दे उलटी!" बनाआत्या उठूनच उभ्या राहिल्या.

अक्षताने लावला, एक रिंग होऊ दिली, कापला. समजलं. तिला इतकं हलकं वाटलं की चहा गोड लागला. आर्यन घरी पोचला होता, आजोबा धड होते, सगळं जागच्या जागी होतं.

फोन पुन्हा वाजला. एक रिंग. कट.

अक्षता दचकली. "दोन?"

"आगं, तुजी उलटी ग्येली न्हवं? त्येच्या फुडचं दोनात धरायचं न्हाय," बनाआत्यांचा आवाज चिरकला. "बोलायला लागला! वयनीच्या मागारी पैल्यांदा बोलायला लागला गं दादा! दे, तू बी दे!"

अक्षताने दिली. पलीकडून आली. तिने दिली. पलीकडून लगेच आली. आक्काताईंनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "बग की, किती माया. मानूस वरनं फणसावानी." अक्षता प्रत्येक रिंगला मनातल्या मनात शब्द लावत होती. आले हं आबा. घाबरले होते. तुम्हीही घाबरलात. चुकलं माझं. पलीकडून येणाऱ्या रिंगा हळूहळू जवळजवळ येऊ लागल्या, तशी तिला आणखीच भरून आलं. इतक्या वर्षांचं साचलेलं असणार.

मग एक रिंग आली आणि थांबेना. वाजतच राहिली. दोन, तीन, चार, ती वाजतेच आहे. तिघी फोनकडे बघत राहिल्या.

"उचलू?" अक्षताने विचारलं. "ते म्हणालेत उचलायचा नाही म्हणजे नाही."

"ह्येचा अर्थ मला बी ठावं न्हाय," बनाआत्या म्हणाल्या. "उचल."

अक्षताने उचलला. पलीकडे आर्यन "शूऽऽ, आबा, शूऽऽ, आता होणार" असं रडवेल्या सुरात ओरडत होता. आणि लग्नानंतर पहिल्यांदा तिला सासऱ्यांचा आवाज फोनमध्ये ऐकू आला. तोही एकाच शब्दापुरता.

"किल्ली!"

फोन कट झाला.

"काय म्हनला?" दोघींनी एकदम विचारलं.

अक्षताने सासऱ्यांना एक रिंग दिली, कापली, आणि स्टँडकडे पळत सुटली.