निरोगी क्रमांक चार

सोमवारी सकाळी आकडे हातात आले आणि रसेल डिकला दरदरून घाम फुटला. बाहेर विनिपेगमध्ये उणे अठ्ठावीस होतं.

आमच्या लॅबमध्ये सायटोकाइनवर काम चालतं. अंगात जंतू शिरले की पेशी एकमेकींना जे रासायनिक निरोप धाडतात, ते हे. निरोप मेंदूपर्यंत पोचले की उंदीर कोपरा धरतो, साखरेच्या पाण्याला तोंड लावत नाही, घरटं बांधायचं सोडून देतो. ते मोजताना तुलनेला निरोगी माणसांचं रक्त लागतं आणि ते बाहेरून आणायला जातो कोण? लॅबमधलेच लोक चिठ्ठ्या टाकतात, ज्याची निघेल तो मुकाट्याने बाही वर करतो. बाटलीवर नाव घालायचं नाही, नुसता क्रमांक. रसेल या खेपेला निरोगी क्रमांक चार होता.

आणि क्रमांक चारचा आकडा बाकी तिघांच्या पंधरापट आला होता.

"हा निरोगी असेल तर मग आजारी कोण?" आमच्या प्रमुख लावाली बाई कागदावर पेन्सिल टेकवून म्हणाल्या. "कुणाचं का असेना, काही खरं नाही बिचाऱ्याचं."

"हो ना, बिचारा," रसेल म्हणाला.

भीतीला कारण होतं. त्याच्या वडिलांनी शेवटची तीन वर्षं त्याला प्लंबर समजून काढली. रसेल भेटून निघाला की ते दर वेळी विचारायचे, "नळ झाला का?" आता तेच आपल्या डोक्यात सुरू झालंय, हे त्याने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

तेवढ्यात उंदरांची देखभाल करणारी लेस्या डोनटचा खोका घेऊन आली. "घे, मधाचे आहेत. तुझे आवडते."

"नको, इच्छा नाही," रसेल म्हणाला आणि जागच्या जागी गार पडला. गोड नको झालं होतं. त्याने लेस्याला हाक मारून परत बोलावलं आणि तिच्या देखत चार डोनट संपवले.

तासाभरात पोट असं दुखायला लागलं की तो खिडकीजवळच्या कोपऱ्यात पोट धरून बसला.

"कोपऱ्यात काय बसलायस?" लेस्याने विचारलं.

"कोण बसलंय कोपऱ्यात?" म्हणत तो उठला आणि खोलीच्या बरोबर मध्यभागी जाऊन उभा राहिला. लेस्याने त्याच्याकडे पाहिलं, वही उघडली आणि काहीतरी लिहिलं. पिंजऱ्यांचा हिशेब होता तो, पण रसेलला कोण सांगणार. राहता राहिलं घरटं. त्याने बायकोला फोन लावला. कार्ला शाळेची बस चालवते, दुपारी तिला जरा फुरसत असते.

"आज आपण पलंग आवरला होता का गं?"

"आपण म्हणजे कोण? अकरा वर्षांत एकदा तरी आवरलायस का तू?"

"म्हणजे अकरा वर्षांपासून आहे हे," रसेल पुटपुटला.

"काय आहे?"

त्याने फोन ठेवला आणि तडक लावाली बाईंच्या खोलीत गेला. "बाई, तो बिचारा मी आहे. माझं डोकं जातंय. कार्लाला कसं सांगू तेवढं सांगा."

बाईंनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि नोंदवही ओढली. "हे अक्षर तुझंच ना? शुक्रवारी रक्त काढलं अकरा दहाला. यंत्रात फिरवायला घातलं दोन चाळीसला. अर्ध्या तासात घालायचं असतं हे नव्या मुलांना तूच शिकवतोस. साडेतीन तास बाटली कुठे होती?"

"खिडकीतल्या हीटरवर," लेस्या दारातून म्हणाली. "मला वाटलं मुद्दाम ठेवली असेल याने. एवढा अनुभवी माणूस, विचारायचं कसं?"

"अरे, रक्त बाहेर काढून उबेला ठेवलंस तर पेशी बोंब मारणारच," बाई म्हणाल्या. "बोंबाबोंब झाली ती बाटलीत. तुझ्या अंगात काहीसुद्धा नाही."

तरी त्यांनी त्याचं पुन्हा रक्त घेतलं आणि या वेळी बाटली स्वतःच्या हाताने यंत्रात घातली. मंगळवारी आकडा आला तो चौघांत सगळ्यात कमी. लॅबभर हशा पिकला. लेस्याने डोनटचा खोका पुढे केला तेव्हा रसेलही पोट धरून हसला. मग मध्येच थांबला.

"पण हीटरवर ती ठेवली कुणी?"

"तूच की."

"मला आठवत नाही."

"विसरला असशील," लेस्या सहज म्हणाली आणि पिंजऱ्यांकडे गेली.

रसेलचं हसू तोंडातच राहिलं. त्या संध्याकाळी तो घरी कार्लाला एवढंच म्हणाला की रिपोर्ट चांगला आहे, काळजी करू नकोस.

बुधवारी तो कार्लाच्या मागोमाग उठला. चादर ओढली, उशा झटकल्या, रजईच्या चारी कडा जुळवल्या. कोपरे दोनदा तपासले. निदान घरटं तरी आपल्या हातात आहे, असं त्याला वाटलं.

कार्ला कॉफीचे दोन मग घेऊन आत आली. तिने पलंगाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. दोन्ही मग तिने हळूच खाली ठेवले.

"रसेल," ती त्याचा हात धरून म्हणाली, "आता खरं सांग. रिपोर्टमध्ये काय आलंय?"