पेठेकाकांचं हंगेरियन

पेठेकाकांमुळे मी आज लिफ्टचा टेक्निशियन आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लिहिता लिहिता घाबरून विसरेन.

शारजात, अल नहदाच्या एका टॉवरात, चौदाव्या मजल्यावर काका राहतात. दिवसा दुबईच्या ऑफिसात फायली सांभाळतात. उरलेल्या वेळात, क्रोएशियन लोकांना हंगेरियन शिकवायला जी व्याकरणाची पुस्तकं निघाली, त्यांचा इतिहास लिहितात. मराठीत.

"काका, हंगेरियन येतं तुम्हाला?"

"छे! क्रोएशियनही येत नाही. म्हणून तर मी निःपक्षपाती आहे."

जुनी पानं फोनवर भाषांतर करून वाचतात. काकी म्हणतात, "हंगेरी सोड, हा माणूस इथल्या फुजैराच्या पलीकडे गेलेला नाही." मुलगा "डॅड, नॉट अगेन" म्हणत हेडफोन चढवतो.

मी लिफ्ट कंपनीत हेल्पर होतो तेव्हा त्यांच्या टॉवरची लिफ्ट अडकली. दार उघडलं, तर काका बॅगेवर बसून वाचताहेत. "थांब रे, प्रस्तावना संपतेय. लेखक तेवढ्यातच खरं बोलतो. पुढे व्याकरण सुरू होतं."

बाहेर आल्यावर काकांनी विचारलं, "चेहरा का असा?" मी सगळं सांगितलं. गाव दापोली, शाळा आठवीत सुटली, टेक्निशियनची परीक्षा इंग्रजीत, दोनदा नापास. आता नापास झालो की खलास, घरी रवानगी.

काका चक्क खूश झाले. "रफीक, तू तर माझा क्रोएशियन निघालास! त्यांच्यावर तेव्हा हंगेरीचं राज्य, रेल्वेत नोकरी हवी तर त्यांनाही हंगेरियन लागायचं. यल्ला, चल, बस."

मग त्यांनी एका वहीत माझ्या एकट्यासाठी पाठ्यपुस्तक लिहिलं. धडा पहिला, संवाद: द लिफ्ट इज स्टक. हू इज इनसाइड? मिस्टर पेठे इज इनसाइड. इज ही अफ्रेड? नो, ही इज रीडिंग.

तीन महिने मी ते घोकलं. पेपरात आलं, लिफ्टमध्ये माणूस अडकला तर काय बोलाल? मी मिस्टर पेठ्यांसकट अख्खा धडा उतरवला. तोंडी परीक्षेत मल्याळी साहेबांनी विचारलं, "हू इज दिस मिस्टर पेठे?"

"माय टीचर, सर. ही इज सेफ नाऊ."

साहेब पोट धरून हसले आणि मी पास झालो!

आनंदाच्या भरात लिफ्टवाला मी, चौदा मजले जिन्यानं चढलो. "काका, पास!" काका दारातच नाचले. "बघितलंस, ही पुस्तकं वाया जात नाहीत!" काकींनी हातावर साखर ठेवली.

मग काका टेबलाकडे वळले. "म्हणजे आता तू यायचा नाहीस." टेबलावर खाकी कव्हर घातलेली दुसरी वही तयार होती. भाग दोन.

काकी हळूच म्हणाल्या, "इतक्या वर्षांत त्यांचं ऐकून घेणारं कुणी भेटलं नव्हतं रे."

भाग दोन आता निम्मा झालाय. दर रविवारी जातो. हंगेरियनचा इतिहासही ऐकतो, निम्मा कळतो. इन्शाल्ला, एक दिवस तो छापून घेईन आणि पहिली प्रत काकांच्या हातात ठेवीन. हा माझा शब्द.