लटक्या यंत्राची आणि कारल्याच्या भाजीची हकीकत

श्री अन्नपूर्णा प्रसन्न. शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, कार्तिक मास. ते समयी एके राज्यी हेरंबपंत स्वामी राज्य करीत होते. राज्य म्हणजे तिसऱ्या मजल्यावरील दीड खोलीची कचेरी, आणि फौज म्हणजे सरनोबत निनादराव एकटे, तेही मोडक्या खुर्चीवर. पंतांचे चित्ती मसलत आली की, ‘आज भाजी काय करू’ हा प्रश्न घरोघरी छळितो, तरी मोबाईलवर उत्तर देणारे यंत्र करावे, आणि मग रयत दुवा देईल. निनादराव अर्ज करिते जाहले, “पंत, यंत्र बांधायला वर्ष जाईल. आधी लटका नमुना करू. प्रश्न मोबाईलवर येईल, उत्तर पडद्याआडून तुम्हीच लिहा. लोकांना हवंय की नको, आठ दिवसांत कळेल.” पंतांस हे मानवले, आणि दहा घरे निवडिली, आणि त्यात स्वतःचेही घातले, आणि कुटुंब मृण्मयीबाईसाहेब यांस छातीठोक सांगितले, “यंत्र तयार झालं.” हे साफ खोटे होते, आणि नोकरी सोडतेसमयी तर त्यांनी बाईसाहेबांस वचन दिले होते की, धंद्यापायी तुझ्याशी खोटे बोलणार नाही. मग पंत लॅपटॉपपुढे ठाण मांडून बसले, आणि जन्मात गॅस पेटविला नव्हता तरी दहा घरांस आज्ञा सोडू लागले, की बटाटा करा, भेंडी करा, पुन्हा बटाटा करा. आठवे दिवशी घरून मजकूर आला, “यंत्रास विनंती. आज कारलं केलं आहे. वेळेत जेवायला यावे.” पंतांचा चेहरा उतरला. घरी जाऊन, मान खाली घालून पुसते जाहले, “कधी ओळखलंस?”

“तिसऱ्या दिवशी,” बाईसाहेब बोलिल्या. “घरात कारली आहेत म्हणून लिहिलं, तर यंत्र म्हणालं, बटाटा करा. यंत्राला नावडतं असतं होय? मला सरळ सांगितलं असतंस, तर मीच पडद्याआड बसले असते. दहा घरांचे बटाटे तरी वाचले असते.”

पंतांस फार लाज वाटली, आणि चूक कबूल केली, आणि कारले मुकाट्याने खाल्ले, आणि मग धीर करून पुसिले, “पण उपयोग झाला ना?”

“भाजी मला सुचते रे. ती चिरायला कुणी हवं असतं.”

बाकी नऊ घरी पुसले, तेथेही हेच उत्तर आले. येणेप्रमाणे नमुना फळास आला, यंत्राचा बेत मोडला, आणि वर्ष वाचले. सांप्रत पंत घरी भाजी चिरितात. हाही पहिलाच नमुना आहे असे बाईसाहेब म्हणतात, आणि रोज सुधारणा सुचवितात.