येडशी रस्त्यावरचा इस्त्रीचा शर्ट

आमच्या होस्टेलवरचा भागवत रोज सकाळी पळायला जायचा, तो इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. केसांना तेल, भांग पाडलेला, खिशाला पेन. परत आला की शर्ट गादीखाली आणि वर्गात बसायला बाहीला ठिगळ लावलेला. दुष्काळाचं साल. माणशी एक तांब्या पाणी मिळायचं. त्यातलं अर्धं हा शर्टाला पाजायचा.

मैदानावर आम्ही सगळेच जायचो म्हणा. कुणाला पोलीस भरतीसाठी छाती फुगवायची होती, कुणाला शेजारच्या नळावर येणाऱ्या पोरी बघायच्या होत्या. मी जायचो ते भिजवलेल्या हरभऱ्यासाठी. व्यायाम झाला की जिमखान्याचे सर मूठभर द्यायचे. भागवत हरभऱ्यालाही थांबायचा नाही. सुसाट येडशीच्या रस्त्याला. कुत्री मागं लागली, तर आठ दिवसांत कुत्र्यांनीच गाव बदललं.

"कशापायी पळतोस रं?"

"उगं आपलं."

सरांनी त्याचं नाव औरंगाबादच्या शर्यतीत घातलं. जिंकला तर वर्षभराची खानावळ कॉलेजकडून.

"न्हाय जमत, सर. तीन दिस मोडतेत."

"अरे, तिथंबी पळायचंच हाय की!" सर ओरडले.

दुसऱ्या दिवशी मी सायकल काढून त्याच्या मागं गेलो. तीन मैलांवर दुष्काळी काम चालू होतं. खडी फोडणाऱ्या बायांपाशी गडी मंदावला. एकीनं हातोडा थांबवला, शेजारणीला ढोसलं, "बघ, माझं कालिजातलं पोरगं." तो हसला आणि न थांबताच वळला.

"आईशी बोलायचंस की," मी सायकल त्याच्या बाजूला घेत म्हणालो.

"थांबलं की तिचं सुरू, कालिज बुडतंय, जा. नुसतं दिसलो तरी दिस बरा जातो तिचा."

मी माघारी वळून तिला शर्यतीचं सांगून टाकलं. "आन् जात न्हाई म्हनतो व्हय!" म्हणत ती हातोड्यासकट उठली, तेव्हा कुठं भागवत औरंगाबादला निघाला. जाताना मला म्हणाला, "तीन दिस तू जा. बोलू नको काय. नुसतं दिसून ये."

मी पळत गेलो. वाटेत दोनदा मेलो, एकदा उलटी झाली. पोचलो तेव्हा छातीचा भाता झालेला.

"मावशी, मी आलोय."

"व्हय बाबा," ती म्हणाली. हातोडा खाली ठेवला आणि माझ्या मागच्या रिकाम्या रस्त्याकडं बघत राहिली.